रस्त्याचीच माहिती

"आणि आता उजवीकडे बघा," माइक ओठांशी धरून ती म्हणाली. "वळण संपता संपता एक दगडी कुंपण लागेल. जुनं आहे. कुंपणाला लागूनच रस्ता अरुंद होतो."

सव्वीस माना उजवीकडे वळल्या. कुंपण आलं आणि गेलं. त्याच्याआड एखादी मेंढीसुद्धा नव्हती. मागच्या बाकावरच्या कुणीतरी इमानेइतबारे त्याचा फोटो काढला. डावीकडे त्याच वेळी अख्खं सरोवर उघडं पडलं होतं, निळंशार, पलीकडची बर्फाची शिखरं पाण्यात उलटी उतरलेली. त्याबद्दल गाइडबाईंनी चकार शब्द काढला नाही.

ड्रायव्हरने स्टिअरिंग हलकेच डावीकडे घेतलं, पुन्हा सरळ केलं. कुंपणापासून हातभर अंतर राखून बस पुढे गेली. तिने श्वास सोडला, तो नेमका माइकमध्ये गेला आणि बसभर फुस्स झालं. पोरं हसली. तीही हसली, कारण न हसणं बरं दिसलं नसतं.

पाठीवर स्वतःपेक्षा उंच पिशव्या घेऊन फिरणाऱ्या पोरापोरींची ही बस. एका तळ्याकाठच्या होस्टेलवर उतरायचं, दोन दिवस डोंगर पालथे घालायचे आणि मागून येणारी बस पकडून पुढच्या तळ्याला जायचं. दोन मोठी सरोवरं, मध्ये एक खिंड, तीन दिवसांची फेरी. ड्रायव्हर बावीस वर्षं ही फेरी मारत होता. त्याची बायको त्याच्या शेजारच्या घडीच्या खुर्चीवर बसून एकोणीस वर्षं बोलत होती. लग्न आधीचं, नोकरी नंतरची. तिला सगळे काकू म्हणत आणि त्याला ड्रायव्हरकाका, मग म्हणणारा पंचविशीचा असो की पन्नाशीचा.

एके काळी काकूंचं बोलणं ऐकण्यासारखं होतं. तळ्याचं पाणी असं निळं का, बर्फाने डोंगर कसा खरवडला, तळाशी बुडालेल्या गावाची शाळा अजून कशी उभी आहे, हे सगळं ती रंगवून सांगे. एका नावाड्याची प्रेमकथाही सांगे, ती तिने स्वतःच रचलेली होती आणि दरवर्षी तीत एखादं नवं संकट घाले. या हंगामात मात्र नावाडी गेला, शाळा गेली, बर्फही गेला. राहिले ते मैलाचे दगड, मोऱ्या, कठडे आणि वळणं. अभिप्रायाच्या वहीत कुणीतरी लिहून ठेवलं होतं : 'गाइड अतिशय मनमिळाऊ आहेत. मात्र सरोवरांपेक्षा कठड्यांची माहिती जास्त देतात.' तिने ते त्याला वाचून दाखवलं होतं. दोघं डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले होते. मग हसू ओसरलं आणि तो कपात बघत बसला, ती खिडकीबाहेर.

कारण ती माहिती पोरांसाठी नव्हतीच.

हंगामाच्या सुरुवातीला एकदा मोकळ्या, सरळ रस्त्यावर, भर सकाळी समोर सायकलवाला होता आणि बस त्याच्यावर चालली होती. "सायकल!" ती ओरडली. त्याने गाडी वळवली. सायकलवाला मूठ उगारून शिव्या देत मागे पडला.

"दिसली होती मला," तो म्हणाला.

"हो, माहितीये," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माइक घेतला आणि पहिल्याच वळणापासून सुरुवात केली. त्याने का म्हणून विचारलं नाही. तिने सांगितलं नाही. तेव्हापासून आजतागायत त्या विषयावर दोघांमध्ये एक अक्षर बोललं गेलं नव्हतं. उजवा डोळा जरा थकलाय, डावा ठणठणीत आहे, एवढं तो एकदा जेवता जेवता म्हणाला होता. तिने त्या ठणठणीत डोळ्यावर विश्वास ठेवला, कारण दुसरं काही तिच्या हातात नव्हतं.

विश्वास ठेवला म्हणणंही तसं खोटंच. यंदा ड्रायव्हरांच्या वार्षिक तपासणीला ती त्याच्यासोबत गेली होती. रांगेत उभं असताना दाराच्या फटीतून भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता दिसत होता. "तुझी नजर बघू," तो गमतीने म्हणाला, "ती शेवटची ओळ वाच बरं." तिने वाचली. त्याने पुन्हा वाचायला लावली, तिने पुन्हा वाचली, चांगली ठसक्यात. मग तो आत गेला, आणि बाहेर बाकावर बसल्या बसल्या तिने आपल्याच चालीत ती ओळ त्याच्या तोंडून ऐकली. उठून आत जावं, असं वाटलं. ती उठली नाही.

त्या सीटवरून उतरला की हातांचं काय करायचं हे ज्याला कळत नाही, अशा माणसाला खाली उतरवायचं कसं? आणि नाही उतरवलं, तर रोज सकाळी मोजलेली ही सव्वीस डोकी? कुणाची आई कुठे फोनची वाट बघत असेल. काकू रोज डोकी मोजायची आणि रोज पुन्हा पहिल्यापासून मोजायची. हंगाम संपेपर्यंत, असं तिने स्वतःला समजावलं होतं. ही शेवटची फेरी. आज दुपारी खिंड ओलांडली की संपलं. मग हिवाळाभर घरात बसून काय ते बोलता येईल. एवढी एक खिंड.

जेवणासाठी बस तळ्याकाठी थांबली. पोरं डबे, ब्रेडच्या लाद्या आणि कॅमेरे घेऊन पाण्याकडे पळाली. काकूने चेहऱ्यावर पाणी मारलं, पिवळा रेनकोट अंगावर चढवला आणि चहाचे दोन कप घेऊन ती बसकडे परतली. तो बसच्या पायरीपाशी उभा होता, ऊन खात. ती त्याच्यापासून चार पावलांवर येऊन थांबली. त्याचा चेहरा सरळ तिच्याकडे होता, डोळे उघडे होते, आणि डावा, तो ठणठणीत डोळा, तिच्या कपाळावर रोखलेला होता.

"अगं," त्याने हाक मारली. "कुठं गेलीस?"

ती चार पावलांवर होती. भडक पिवळा रेनकोट घालून. कपांमधून वाफ येत होती.

"अगंऽऽ," तो पुन्हा म्हणाला, जरा मोठ्याने, तिच्या आरपार तळ्याकडे बघत. "चहा आणतेस ना?"

मग ती पाय न वाजवता तीन पावलं बाजूला झाली, तशी त्याची मान किंचित हलली, डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी पिवळं आलं असावं.

"आले, आले," ती लांबून आल्यासारखं म्हणाली. "रांग होती."

"तरी म्हटलं," तो म्हणाला आणि हात पुढे केला. तिने कप त्याच्या बोटांत नीट अडकवला.

म्हणजे नजरेतलं मधलं सगळं पुसलं गेलं होतं, दोन्ही डोळ्यांतलं. कडा तेवढ्या उरल्या होत्या. चार महिने ती समजत होती, की आपण एका डोळ्याला मदत करतोय. खरं तर तो तिच्या आवाजावर गाडी हाकत होता, नुसत्या आवाजावर, सव्वीस पोरांना पाठीशी घेऊन. आणि आता खिंड होती. एकोणीस वळणं. अर्ध्याहून जास्त वळणांना दरीच्या बाजूला कठडा नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

ती बसच्या मागे गेली. मोबाइल काढून तिने ऑफिसचा नंबर लावला. दोनदा रिंग वाजताच तिथल्या साहेबांनी उचलला.

"बोला काकू. वेळेवर ना?"

"हो, वेळेवर," ती म्हणाली.

"काकांना म्हणावं, शेवटची फेरी, जपून. आणि परत आलात की पार्टी द्या."

"देऊ की."

"आणखी काही?"

आणखी सगळंच होतं. ते जिभेवर आलं. त्या शब्दांनंतर काय होणार, तेही तिला दिसत होतं : दुसरा ड्रायव्हर जीपमधून येणार, पोरं उतरून बघत राहणार, आणि तिचा नवरा चुकलेल्या पोरासारखा स्वतःच्याच बसच्या बाकावर बसणार. त्याला तिथे बसवणारी ती असणार. "काही नाही," ती म्हणाली आणि फोन ठेवला. स्वतःची इतकी चीड तिला उभ्या आयुष्यात आली नव्हती.

मग तिला टायर दिसला. हवा गेली तर? बस हलणारच नाही. कुणाला काही सांगावं लागणार नाही, कुणाची मान खाली जाणार नाही, टायरला बिचाऱ्याला कसली आलीय लाज. ती उकिडवी बसली. नळीवरचं टोपण फिरवून तिने काढलं आणि आतली बारीक पिन दाबायला केसांतला आकडा ओढला.

"काकू, काही हरवलं का?"

पुढच्या सीटवर बसणारी मुलगी होती. सगळी बस तिला वहीवाली म्हणे, कारण ती दिसेल ते टिपून ठेवी, पाट्यासुद्धा.

"नाही गं. हवा बघत होते."

"तुम्हीच बघता?" मुलगी शेजारी बसली. तिच्या मांडीवर वही होतीच. "मला एक विचारायचं होतं. सकाळी तळ्यात एक बेट लागलं ना, देवळासारखं काहीतरी होतं त्यावर. पुस्तिकेत त्याचं पान भरून वर्णन आहे. तुम्ही काहीच नाही सांगितलंत."

बेट. बेट लागतं तिथेच रस्ता एकेरी पुलावर चढतो. काकूला बेट लागल्याचंही कळलं नव्हतं.

"विसरलेच," ती म्हणाली. "वय झालं."

मुलगी हसली नाही. तिने वहीचं पान उलटलं. "आणि एक गंमत सांगू? तुम्ही पाणी पिता ना, तेव्हा बस हळू होते. काल तीनदा, आज दोनदा. तुम्ही शिंकलात तेव्हापण. मला आधी वाटलं योगायोग आहे."

काकूच्या हातातला आकडा खाली पडला. तो उचलायला तिने हात घातला आणि तिला तो लवकर सापडेना.

"मी कुणाला बोलले नाहीये," मुलगी म्हणाली. तिचा आवाज आता बारीक झाला होता. "फक्त... मला रात्री झोप नाही आली. मी चुकीचं समजतेय ना? तुम्ही सांगा, चुकीचं आहे म्हणून. मी ऐकेन."

हे पोर तिच्या मुलीहूनही लहान होतं. ते तिच्याकडे अगदी सरळ बघत होतं, आणि एका खोट्या शब्दाने समाधान मानून बसमध्ये चढायला तयार होतं. काकूला तो शब्द काही सुचेना.

पुढून हॉर्न वाजला, दोनदा. ड्रायव्हरची ती सवय होती, एकदा पोरांसाठी, एकदा तिच्यासाठी. पोरं ओरडत, सांडत, एकमेकांना ढकलत धावत आली. काकू उठली. टोपण तिच्या मुठीत होतं. त्या गर्दीत, इतक्या पायांमध्ये पुन्हा खाली बसून पिन दाबायची तिची छाती झाली नाही. तिने वाकून टोपण जागेवर फिरवलं.

"चल," ती मुलीला म्हणाली. "जॅकेट घाल, वर गार असतं." हे काय बोललो आपण, असं तिला त्याच क्षणी वाटलं. मुलगी थोडा वेळ तिथेच उभी राहिली. मग वही मिटून बसमध्ये चढली आणि पुढच्याच सीटवर जाऊन बसली.

सव्वीस. तिने डोकी दोनदा मोजली. दोन्ही वेळा सव्वीसच भरली.

खिंडीचा चढ सुरू झाला तसं ती उभी राहिली. एरवी ती बसून बोले. आज एक हात दांडीला आणि एका हातात माइक. "डावं वळण. आतल्या बाजूला काळा खडक आहे, तो जरा पुढे आलाय. वळण लांबट आहे. अजून आहे. आता संपलं. सरळ, दोन बसच्या लांबीएवढं. मग उजवं, आणि हे उजवं एकदम काटकोनात." तिच्या आवाजात कसलाही चढउतार नव्हता. दरी त्यांच्या उजव्या हाताला, खाली, खाली, तळं पार बशीएवढं होईपर्यंत. पोरं खिडक्यांना नाकं लावून बसली होती. त्यांच्या मते प्रवासाचा हा सगळ्यात भारी भाग होता.

तो चालवत होता सुरेख, हे कबूल करायला हवं. तिने म्हणायचं आणि त्याच्या हातांनी ते करायचं, मध्ये सुई घालायलाही जागा नाही. चार महिन्यांत दोघांचं असं जमलं होतं, की संसारात कधी इतकं जमलं नव्हतं. पाच वळणं गेली. सहा. सात. झालं, होतंय, असं तिच्या मनाने म्हटलं, आणि त्याच वेळी तिची नजर समोरच्या आरशात गेली. वहीवालीने डोळे गच्च मिटून घेतले होते आणि दोन्ही हातांनी पुढची दांडी धरली होती.

काकूची नजर तिथेच अडकली. क्षणभरच. पण आठव्या वळणातून तेव्हाच ट्रक बाहेर आला.

"ट्रक!" ती किंचाळली. अर्ध्या शब्दाचा उशीर.

बस डावीकडे गेली. खडकाला आरसा घासला, कर्रकन, आणि मोडून काचेवर लोंबू लागला. उजव्या बाजूने ट्रकचं लांबच लांब अंग खिडक्यांना चाटून गेलं. मग समोर पुन्हा रस्ता होता. मागच्या एका दाढीवाल्या पोराने टाळी वाजवली. "ड्रायव्हरकाका, मानलं!" सगळी बस टाळ्या वाजवू लागली. शिट्ट्या झाल्या.

ड्रायव्हरने आरशाकडे वळूनही पाहिलं नाही. त्याच्या मानेवरून घामाची धार कॉलरमध्ये उतरत होती.

आठव्या वळणानंतर खिंडीत एकच सरळ पट्टा आहे. डाव्या हाताला खडी टाकलेली रुंद जागा आहे. हिवाळ्यात तिथे थांबून गाड्या चाकांना साखळ्या बांधतात. पुढे अकरा वळणं. काकूने तोंड उघडलं. आता म्हणायचं होतं : सरळ रस्ता, डावीकडे खडी, शंभर पावलांवर उजवं वळण. तिला प्रत्येक शब्द पाठ होता.

तिने माइक आकड्याला अडकवला.

इंजिनाचा आवाज तेवढा राहिला. एक क्षण गेला, दोन गेले. बसचा वेग उतरला. तो वाट बघत होता, पाणी पीत असेल, शिंकली असेल, म्हणून. मग तिला कळलं, की त्याला कळलं. त्याची मान उजवीकडे कलली, डोळ्याच्या उरल्यासुरल्या कोपऱ्यातून तो रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ शोधत होता.

"बोल ना," तो हळूच म्हणाला.

तिने ओठ दातांत धरले. अंधारात कुणाचा हात धरून चालावं आणि मध्येच तो सोडून द्यावा, तसं ती त्याच्याशी वागत होती, आणि तसंच वागायचं होतं.

"अगं, बोल."

ती बोलली नाही. बस माणसाच्या चालीवर आली. डावी चाकं खडीवर चढली, करकरली. त्याने आणखी डावीकडे घेतलं, आणखी थोडं, खडीच्या आवाजाच्या अंदाजाने, आणि मग गाडी थांबली. हँडब्रेक लागला. त्याने किल्ली फिरवली.

"फोटो स्टॉप का?" मागून कुणीतरी विचारलं. एका बाजूला उघडाबोडका खडक होता, दुसऱ्या बाजूला दरडींपासून सावध राहण्याची पाटी.

वहीवाली उठली. "हो, फोटो स्टॉप," ती म्हणाली. "सगळे उतरा. सगळे रे. पिशव्या राहू दे." तिने एकेकाला बाहेर काढलं, शेवटी स्वतः उतरली आणि बाहेरून दार ओढून घेतलं.

बसमध्ये दोघंच राहिली. त्याचे हात स्टिअरिंगवरच होते.

"मी आता नाही बोलणार," ती म्हणाली. "इथं नाही, उतारावर नाही. कुठंच नाही. मला नाही झेपत."

तिला वाटलं होतं, चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं.

"किती राहिली?" त्याने विचारलं.

"अकरा."

"अकरा," त्याने मान हलवली. मग म्हणाला, "मघाशी तळ्यावर तू माझ्या समोरच उभी होतीस ना?"

ती दचकली. "कळलं तुम्हाला?"

"तू बाजूला झालीस तेव्हा रेनकोट वाजला."

"मग बोलला का नाहीत?"

"तू का नाही बोललीस?"

बाहेर पोरं दगडावर चढून हात पसरून फोटो काढत होती.

"मला वाटायचं," ती म्हणाली, "ही सीट सुटली तर तुम्ही जगणार नाही. म्हणून मी..."

"आणि मला वाटायचं, तुला मी सीटवर हवाय." तो समोरच्या काचेशी बोलावं तसं बोलत होता. "रोज पहाटे माझ्याआधी तयार होऊन खाली उभी. वळण अन् वळण घोकलेलं. म्हटलं, हिची एवढी हौस आहे, तर हिला कसं सांगायचं, की मला भीती वाटते. रोज भीती वाटते मला. रोज म्हणायचो, आज ही गप्प बसेल, मग मला थांबता येईल. आज बसेल. पण तू काही गप्प बसेनास."

मग तिच्या आतून जे उसळून आलं तो नुसता संताप होता. "सव्वीस पोरं आहेत हो!" ती ओरडली. "सव्वीस! चार महिने! तुम्ही माझी वाट बघत होतात?"

"आणि तू माझी," तो म्हणाला.

ती मटकन खुर्चीवर बसली. तिला रडायचं होतं, पण आधी धापच थांबेना. त्याने स्टिअरिंगवरून हात काढले, एक, मग दुसरा, आणि काही क्षण ते मांडीवर पालथे ठेवून बसला. मग डोक्यावर टांगलेला वायरलेस काढला. त्यासाठी त्याला चाचपावं लागलं नाही, तो बावीस वर्षं तिथेच होता. त्याने बटण दाबलं.

"बोला काका," साहेबांचा आवाज खरखरत आला.

"खिंडीत थांबलोय. साखळ्या बांधायच्या जागेवर. दुसरा ड्रायव्हर पाठवा."

"काय झालं? गाडी बिघडली?"

"गाडी चांगली आहे."

"पोरं?"

"सगळी ठीक आहेत."

"मग?"

त्याने बटण सोडलं. मान वळवली, तिच्याकडे. म्हणजे तिच्या खांद्याच्या जरा पलीकडे, जिथून ती त्याला थोडीफार दिसत असावी. त्याने पुन्हा बटण दाबलं.

"मला दिसत नाहीये," तो म्हणाला.

वायरलेस खरखरला.

"धुकं उतरलंय का तिकडे?" साहेबांनी विचारलं. "धुकं असेल तर घाई करू नका काका, थोडं थांबा. विरेल."

"नाही," तो म्हणाला. "लख्ख ऊन आहे इथं."